शस्त्रक्रिया आतड्याची, मग आम्ल जठरात का वाढले?

प्रश्न : माझ्या आईचे वय 57 आहे. चार महिन्यांपूर्वी लहान आतड्याचा रक्तपुरवठा अचानक बंद पडल्यामुळे तिची तातडीने शस्त्रक्रिया करावी लागली. सुमारे अडीच मीटर लहान आतडे काढून उरलेली टोके जोडली, मोठे आतडे शाबूत आहे. तिला पूर्वी कधीही पित्ताचा त्रास नव्हता. आता मात्र छातीत आणि पोटाच्या वरच्या भागात सतत जळजळ होते, आंबट पाणी वर येते आणि दिवसातून सहा-सात वेळा जुलाब होतात. शौच चिकट असते, पाण्यावर तरंगते. डॉक्टरांनी पॅन्टोप्राझोलची गोळी दिवसातून दोनदा दिली आहे. माझ्या मामांचे म्हणणे असे की शस्त्रक्रिया आतड्याची झाली, तिथे जठराच्या गोळीचे काय काम, आणि ही गोळी जास्त दिवस घेतली तर हाडे ठिसूळ होतात. त्यांच्या सांगण्यावरून आईने आठ दिवस गोळी बंद ठेवली. त्या आठ दिवसांत जळजळ तर वाढलीच, पण जुलाबही वाढले, म्हणून आम्ही ती पुन्हा सुरू केली. पित्ताच्या गोळीचा जुलाबांशी काय संबंध? आणि आईला ही गोळी आता जन्मभर घ्यावी लागेल का?

उत्तर : तुमच्या आई फार मोठ्या संकटातून बाहेर आल्या आहेत. आतड्याचा रक्तपुरवठा तुटणे हे पोटाच्या आजारांमधले अत्यंत गंभीर दुखणे असते, आणि त्यातून सावरून त्या घरी जेवत आहेत ही मोठीच गोष्ट आहे. तुम्ही त्या आठ दिवसांचे जे निरीक्षण नोंदवले आहे ते इतके अचूक आहे की उत्तराची सुरुवात तिथूनच करता येईल. गोळी थांबल्यावर जळजळ आणि जुलाब दोन्ही एकदमच वाढले, हा योगायोग असण्याची शक्यता कमी आहे. दोहोंच्या मुळाशी बहुधा एकच कारण आहे, आणि ते म्हणजे लहान आतड्याचा मोठा भाग गेल्यानंतर जठरात होणारा आम्लाचा अतिरेकी स्राव.

मामांची शंका चुकीची नाही, ती कोणालाही यावी अशीच आहे. आपण पचनमार्गाकडे एका नळीसारखे पाहतो. अन्न वरून खाली जाते, तेव्हा खालच्या भागात काही घडले तर त्याचा परिणाम वरच्या भागावर का व्हावा, असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु अन्न जरी वरून खाली जात असले, तरी आज्ञा खालूनही वर जातात. जठराने आम्ल कधी तयार करावे हे बऱ्याच अंशी मेंदू आणि जठर ठरवतात, पण ते कधी थांबवावे हे प्रामुख्याने लहान आतडे ठरवते.

निरोगी माणसाचे जठर दिवसाकाठी साधारण दोन लिटर रस तयार करते आणि त्यातले हायड्रोक्लोरिक आम्ल इतके तीव्र असते की जठरातील पीएच 1 ते 2 पर्यंत खाली जातो. अन्न दिसले, त्याचा वास आला, घास चावला की मेंदूकडून व्हेगस नावाच्या मज्जातंतूवाटे जठराला पहिला संदेश पोहोचतो. अन्न प्रत्यक्ष जठरात पडले की जठराच्या खालच्या भागातील पेशी गॅस्ट्रिन नावाचे संप्रेरक रक्तात सोडतात, आणि गॅस्ट्रिनमुळे आम्ल तयार करणाऱ्या पेशी जोमाने कामाला लागतात. येथपर्यंत सगळी घाई जठराच्या बाजूने असते. मग आंबट झालेले, अर्धवट पचलेले अन्न थोडे थोडे करून लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात, म्हणजे ड्युओडेनममध्ये उतरू लागते, आणि तिथून लगाम खेचला जातो. आम्लाचा स्पर्श होताच आतड्याच्या अस्तरातून सिक्रेटिन बाहेर पडते. ते स्वादुपिंडाला आम्ल मारणारा क्षारयुक्त रस सोडायला लावते आणि जठरातील आम्लनिर्मितीही मंदावते. स्निग्ध पदार्थ पुढे सरकले की आतड्याच्या वेगवेगळ्या भागांतून कोलेसिस्टोकायनिन, पेप्टाइड वायवाय आणि त्यांच्यासारखी इतर संप्रेरके सुटतात. ‘खाली पुरेसे काम आहे, आता आवरते घ्या’ असाच त्यांचा जठराला निरोप असतो.

ओघात एक गोष्ट सांगावीशी वाटते. माणसाला सापडलेले पहिले संप्रेरक हे याच लहान आतड्यातले आहे. 1902 मध्ये लंडनमध्ये बेलिस आणि स्टार्लिंग या दोन शरीरक्रियाशास्त्रज्ञांनी सिक्रेटिनचा शोध लावला आणि त्यानंतर तीन वर्षांनी, 1905 मध्ये, स्टार्लिंग यांनी अशा रासायनिक दूतांसाठी ‘हॉर्मोन’ हा शब्द प्रथम वापरला. गॅस्ट्रिनची पहिली मांडणीही 1905 चीच. म्हणजे आतडे रक्तावाटे इतर अवयवांशी बोलते हे शंभराहून अधिक वर्षे माहीत आहे, तरीही आपण आतड्याला अजून केवळ अन्न शोषणारी नळी समजतो, आणि म्हणूनच जठराची गोळी पाहून घरातली माणसे बुचकळ्यात पडतात.

आता तुमच्या आईंच्या पोटात काय झाले ते पाहू. अडीच मीटर आतडे काढले तेव्हा अन्न शोषणारा पृष्ठभाग तर गेलाच, पण त्या अस्तरात विखुरलेल्या, लगाम खेचणाऱ्या असंख्य पेशीही गेल्या. शिवाय रक्तातील गॅस्ट्रिन नाहीसे करण्याच्या कामात मूत्रपिंडांबरोबर लहान आतड्याचाही वाटा असतो, तो वाटाही कमी झाला. परिणामी रक्तातील गॅस्ट्रिनची पातळी वाढते आणि जठर गरज नसताना आम्ल तयार करत राहते. मोठ्या प्रमाणावर लहान आतडे काढल्यानंतर हा बदल काही दिवसांतच सुरू होतो. तो सगळ्यांमध्ये सारखा नसतो. जितके अधिक आतडे काढलेले, तितका तो ठळक, आणि वरच्या अर्ध्या भागाचा, म्हणजे जेजुनमचा बराचसा हिस्सा गेला असेल तर लगाम अधिकच सैल पडतो, कारण ही संप्रेरके तयार करणाऱ्या अनेक पेशींची तिथेच दाटी असते. उलट केवळ अपेंडिक्स काढले असेल, मोठ्या आतड्याचा एखादा भाग काढला असेल किंवा लहान आतड्याचा वीतभर तुकडा काढून जोड दिला असेल, तर जठराच्या आम्लावर त्याचा म्हणावा असा परिणाम होत नाही. म्हणून आतड्याची शस्त्रक्रिया झालेल्या दुसऱ्या कोणाला असा त्रास झाला नाही, एवढ्यावरून तुमच्या आईंच्या त्रासाबद्दल शंका घेऊ नये.

जुलाबांचा संबंध समजून घेण्यापूर्वी एका शब्दाचा गुंता सोडवायला हवा, कारण मराठीत तो हमखास होतो. छातीत जळजळले, आंबट पाणी वर आले की आपण ‘पित्त झाले’ म्हणतो, पण त्या वेळी त्रास देत असते ते जठरातले आम्ल. ज्याला वैद्यकात पित्तरस म्हणतात तो यकृतात तयार होतो, पित्ताशयात साठतो, ड्युओडेनममध्ये उतरतो, आम्लधर्मी मुळीच नसतो आणि स्निग्ध पदार्थ पचवायला लागतो. आईंच्या बाबतीत हे दोन्ही बिघडलेले असण्याची शक्यता आहे, आणि दोहोंची औषधे पूर्णपणे वेगळी आहेत. त्यामुळे डॉक्टरांशी बोलताना ‘पित्त वाढले’ असे न म्हणता ‘जळजळ होते’, ‘आंबट पाणी येते’, ‘शौच पिवळे आणि पातळ होते’ असे जे दिसते व जाणवते तेच सांगावे.

जठरातले जास्तीचे आम्ल ड्युओडेनममध्ये उतरले की तिथला रस अपेक्षेपेक्षा आंबट होतो. स्निग्ध पदार्थांचे पचन करणारे लायपेज हे स्वादुपिंडाचे विकर सौम्य क्षारधर्मी वातावरणात उत्तम काम करते आणि पीएच 4 च्या खाली गेला तर ते कायमचे निकामी होते. पित्तरसातील क्षारही आम्लात विरघळलेले राहत नाहीत, ते साक्यासारखे खाली बसतात आणि निरुपयोगी ठरतात. म्हणजे आतडे आधीच आखूड झालेले, आणि जे उरले आहे त्यालाही पचनाचे साहित्य बिघडलेल्या अवस्थेत मिळते. न पचलेली चरबी पुढे सरकते, आणि तुम्ही वर्णन केलेले चिकट, तरंगणारे शौच हे बहुतेक वेळा अशाच न पचलेल्या चरबीचे लक्षण असते. याखेरीज जठराचा वाढलेला रस म्हणजे मुळात जास्तीचे पाणीच असते, आणि ते शोषून घ्यायला पूर्वीइतके आतडे उरलेले नसते. पॅन्टोप्राझोल जठरातील पेशींचा आम्ल बाहेर टाकणारा पंप बंद करते, त्यामुळे आम्लाबरोबर रसाचे एकूण प्रमाणही घटते. जळजळीसाठी दिलेली गोळी जुलाब कमी करते ती या दोन कारणांनी, आणि त्या आठ दिवसांत तुम्ही घरी जे पाहिले ते नेमके हेच असावे.

म्हणून माझा पहिला आणि स्पष्ट सल्ला असा की सध्या ही गोळी आपल्या मनाने बंद करू नये. शस्त्रक्रियेनंतरचे पहिले 6 ते 12 महिने हा आम्लाच्या अतिरेकाचा मुख्य काळ असतो आणि तुमच्या आई त्याच्या मध्यावर आहेत. आम्ल असेच मोकळे सोडले तर जठरात किंवा ड्युओडेनममध्ये व्रण होऊन रक्तस्राव होण्याचा धोका असतो, आणि अशक्त झालेल्या शरीराला तो परवडणारा नाही. शिवाय बरेच आठवडे घेतलेली ही गोळी एकदम थांबवली तर दाबून ठेवलेल्या पेशी काही काळ उसळून अधिकच आम्ल तयार करतात. त्यामुळे ती थांबवायची वेळ येईल तेव्हाही डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू कमी करावी लागेल.

गोळी घेण्याच्या वेळेकडेही लक्ष द्यावे. आम्लाचे पंप जेवणाच्या वेळी कामाला लागतात आणि औषध चालू पंपांवरच परिणाम करते, म्हणून ती जेवणाच्या अर्धा ते एक तास आधी घ्यायची असते. जेवणानंतर घेतली तर तिचा निम्मा उपयोग वाया जातो असे मी अनेक रुग्णांमध्ये पाहिले आहे. गोळी चावू किंवा कुटू नये, कारण तिच्यावरचे आवरण तिला जठरातील आम्लापासून सांभाळून आतड्यापर्यंत नेण्यासाठी असते. ज्यांचे लहान आतडे फारच थोडे उरलेले असते त्यांच्यात तोंडाने घेतलेली गोळी पुरेशी शोषली जात नाही आणि काही काळ शिरेतून औषध द्यावे लागते. वेळेवर आणि नीट घेऊनही जळजळ तशीच राहत असेल तर ही शक्यता डॉक्टरांच्या कानावर घालावी. गोळीच्या जोडीला दुकानातून आम्लशामक पातळ औषध आणून देण्याचा मोह टाळावा, कारण त्यांतल्या अनेकांमध्ये मॅग्नेशियमचे क्षार असतात आणि त्यांनी जुलाब वाढतात. त्याहूनही महत्त्वाचे म्हणजे अंगदुखीसाठी आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांसारख्या वेदनाशामक गोळ्या आई घेत असतील तर डॉक्टरांना विचारून त्या थांबवाव्यात. आम्लाचा अतिरेक असलेल्या जठरात या गोळ्या म्हणजे व्रणाला आमंत्रणच होय.

मामांनी हाडांबद्दल काढलेली काळजीही ऐकून घेण्यासारखी आहे, ती फक्त वेळेआधी लागू केली गेली. आम्ल दाबणारी औषधे वर्षानुवर्षे घेतल्याने काही तोटे संभवतात हे खरे आहे, आणि आतडे आखूड झालेल्या माणसात ते अधिक गंभीरपणे घ्यावे लागतात. जठरातील आम्ल अन्नाबरोबर आलेले जंतू मारते. ते दीर्घकाळ दाबून ठेवले तर लहान आतड्यात जंतूंची अवाजवी वाढ होऊ शकते आणि त्यातून पोट फुगणे, गुबारा धरणे, पुन्हा जुलाब अशी तक्रार उद्भवते. रक्तातील मॅग्नेशियम घटू शकते, आणि जुलाबांवाटे ते आधीच वाहून जात असल्यामुळे आईंना हा धोका दुहेरी आहे. पायात गोळे येणे, हात थरथरणे, छातीत धडधडणे अशी लक्षणे दिसली तर मॅग्नेशियमची तपासणी लगेच करून घ्यावी. कॅल्शियमचे शोषण आणि हाडांची घनता यांवरही लक्ष ठेवावे लागते. म्हणजे वर्षभरानंतर कोणी न विचारता हीच गोळी याच मात्रेत चालू राहिली तर मामांचा आक्षेप रास्त ठरेल. आज चौथ्या महिन्यात मात्र गोळीपासूनच्या धोक्यापेक्षा आम्लापासूनचा धोका निःसंशय मोठा आहे, आणि हे तुम्ही त्यांना याच शब्दांत सांगावे असे मला वाटते.

आता जे काम तुम्ही स्वतः करायचे आहे त्याकडे वळतो. तुम्हाला किती आतडे काढले ते माहीत आहे, पण किती उरले ते पत्रात नाही, आणि पुढचे जवळजवळ सगळे निर्णय त्यावर अवलंबून आहेत. लहान आतड्याची लांबी माणसागणिक तीन मीटरपासून आठ मीटरपर्यंत वेगवेगळी असते. त्यामुळे अडीच मीटर गेले याचा अर्थ एखाद्याच्या बाबतीत किरकोळ, तर दुसऱ्याच्या बाबतीत फार मोठा होऊ शकतो. उरलेले आतडे दोन मीटरपेक्षा कमी असेल तर शोषणाच्या गंभीर अडचणी येण्याची शक्यता वाढते. शस्त्रक्रियेच्या सविस्तर नोंदीत उरलेल्या आतड्याची मोजलेली लांबी बहुधा लिहिलेली असते. डिस्चार्ज कार्डावर ती नसेल तर रुग्णालयाकडून त्या नोंदीची प्रत मागून घ्यावी, तो तुमचा हक्क आहे.

त्याच नोंदीत आणखी एक गोष्ट शोधावी, ती म्हणजे लहान आतड्याचा शेवटचा भाग, म्हणजे इलियम, राहिला आहे की गेला आहे. पित्तक्षार आणि ब जीवनसत्त्वांपैकी बी-12 हे दोन्ही शोषून घेण्याची खास सोय याच भागात असते आणि दुसरा कोणताही भाग ती पुरी करू शकत नाही. एरवी सुमारे 95 टक्के पित्तक्षार इथून परत यकृताकडे जातात. इलियमचा एक मीटरपेक्षा कमी भाग गेला असेल तर न शोषलेले पित्तक्षार मोठ्या आतड्यात शिरून पाण्यासारखे जुलाब घडवतात, आणि त्यावर पित्तक्षारांना बांधून ठेवणारे कोलेस्टिरामिनसारखे औषध चांगले लागू पडते. एक मीटरपेक्षा जास्त भाग गेला असेल तर यकृत कितीही राबले तरी पित्तक्षारांचा तोटा भरून निघत नाही, चरबी पचत नाही, आणि तेव्हा हेच औषध उलट नुकसान करू शकते. पॅन्टोप्राझोल नियमित घेऊनही जे जुलाब राहतील त्यांचे कारण बहुधा इथे सापडेल. बी-12 च्या बाबतीत फसगत होते ती अशी की यकृतातील साठा काही वर्षे पुरतो, त्यामुळे पहिल्या वर्षी रक्ताची तपासणी ठीक येते आणि सगळे निर्धास्त होतात. शेवटचा सुमारे 60 सेंटीमीटरहून अधिक भाग गेला असेल तर बी-12 ची इंजेक्शने बहुधा कायमची लागतात, आणि ती कमतरता दिसण्याची वाट न पाहता सुरू करावीत.

कोणी गॅस्ट्रिनची रक्ततपासणी सुचवली तर एक लक्षात ठेवावे, की ही गोळी चालू असताना गॅस्ट्रिन वाढलेलेच येते, कारण आम्ल घटले की शरीर ते वाढवण्यासाठी गॅस्ट्रिन सोडते. अशा अहवालावरून घाबरून जाऊ नये आणि त्या तपासणीसाठी गोळी परस्पर थांबवूही नये. उपचार नीट चालू असूनही जळजळ कमी होत नसेल तर दुर्बिणीतून जठराची तपासणी करून व्रण आहे का हे पाहणे आणि हेलिकोबॅक्टर पायलोरी या जंतूची चाचणी करणे अधिक उपयोगाचे ठरते.

काही लक्षणे मात्र पुढच्या भेटीपर्यंत थांबण्यासारखी नसतात. डांबरासारखे काळे, चिकट शौच होणे, उलटीत रक्त किंवा कॉफीच्या गाळासारखे काही दिसणे, पोटात अचानक असह्य कळ येऊन पोट कडक होणे, उठताना भोवळ येणे किंवा दिवसभरात लघवी अगदी थोडी होणे, यांपैकी काहीही आढळले तर त्याच क्षणी रुग्णालय गाठावे. लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळे होते, त्यामुळे आई त्या घेत असतील तर तसे डॉक्टरांना सांगावे, पण त्या घेत आहेत म्हणून काळ्या शौचाकडे दुर्लक्ष करू नये.

गोळी जन्मभर लागेल का, हा तुमचा शेवटचा प्रश्न. बहुतेकांना ती या मात्रेत जन्मभर लागत नाही. उरलेले आतडे एक ते दोन वर्षांत स्वतःला सावरून घेते, त्याचे अस्तर जाड होते, शोषण सुधारते, आणि जठराचा अतिरेकही सामान्यतः त्याआधीच ओसरू लागतो. आईंचे मोठे आतडे शाबूत आहे ही यातली फार अनुकूल बाब आहे, कारण ते पाणी आणि क्षार शोषून लहान आतड्याचा काही भार उचलते. पुढच्या भेटीला जाताना शस्त्रक्रियेची नोंद बरोबर न्यावी, आठवडाभरातील शौचाच्या वेळा आणि वजन एका कागदावर लिहून न्यावे, आणि डॉक्टरांना असे विचारावे की गोळीची मात्रा कमी करून पाहण्यासाठी आपण कोणता महिना ठरवायचा. ती तारीख कागदावर लिहून घ्यावी आणि मामांनाही दाखवावी. तोपर्यंत दोन्ही वेळची गोळी जेवणाआधी, न चुकता चालू ठेवावी.